अंतिम मुलाखत : प्रश्नकर्त्यासमोर समतेने बसण्याचा अभ्यास

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले आज अभियांत्रिकी व व्यवस्थापनाच्या नामांकित संस्थांपर्यंत पोहोचली आहेत. त्यांपैकी काही जण व्यवस्थापन सल्लागार कंपन्यांच्या निवडप्रक्रियेलाही सामोरे जातात. काही वर्षांपूर्वी अशाच एका कंपनीच्या अंतिम फेरीतून अपयश घेऊन परतलेला आमचा माजी विद्यार्थी भेटावयास आला होता. तो म्हणाला, "सर, गणित चुकलं नव्हतं. समोरचे साहेब म्हणाले, 'मला हे पटत नाही', आणि मी लगेच माझं उत्तर मागे घेतलं. उत्तर बरोबर होतं."

आम्ही त्याला धीर दिला. परंतु तो गेल्यावर एक प्रश्न मनात घर करून राहिला. मोठ्या माणसाने नकार देताच आपले म्हणणे सोडून द्यावे, हे त्याला शिकवले कोणी? ते आम्हीच शिकवले होते. हाताची घडी घालून गप्प बसणाऱ्या मुलास आम्ही शहाणा म्हटले आणि उलट प्रश्न विचारणाऱ्यास उद्धट. प्रस्तुत लेख ही त्या चुकीची दुरुस्ती आहे.

परीक्षेचे स्वरूप

मॅकिन्झी (स्थापना १९२६), बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप (१९६३), बेन (१९७३) या अशा कंपन्यांतील प्रसिद्ध नावे होत. मोठे उद्योग व शासनसंस्था यांना त्यांच्या अडचणींवर सल्ला देणे हा त्यांचा व्यवसाय. म्हणून मुलाखतीतही उमेदवारापुढे एखाद्या व्यवसायाची अडचण ठेवली जाते. तिला 'केस' म्हणतात. आरंभीच्या फेऱ्या सहसा तुलनेने तरुण सल्लागार घेतात, तर अंतिम फेरीत कंपनीचे भागीदार, म्हणजे पार्टनर, बसतात. आयआयटींमध्ये नोकरभरतीचा हंगाम १ डिसेंबरपासून सुरू होतो. त्या धामधुमीत एकाच दिवशी लागोपाठ दोन-तीन मुलाखती द्याव्या लागतात.

पार्टनरला ठरवायचे असते ते एवढेच, की या तरुणास उद्या आपल्या ग्राहकापुढे बसवता येईल काय? ग्राहकही 'मला पटत नाही' असे म्हणणारच. तेव्हा पार्टनरचा आक्षेप हा पुष्कळदा परीक्षेचाच भाग असतो. उत्तर चुकले आहे असा त्याचा अर्थ असेलच असे नाही. आक्षेपानंतर उमेदवार काय करतो, हे पाहिले जाते.

एक उदाहरण

समजा, केस अशी आहे : एक दूध संघ दररोज ५०,००० लिटर दूध ५० रुपये दराने विकतो. लिटरमागे खरेदी व इतर खर्च ४४ रुपये, आणि दररोजचा स्थिर खर्च २ लाख रुपये. खरेदीदर २ रुपयांनी वाढला. संघाने काय करावे?

प्रथम अडचणीचे भाग पाडावेत. उत्पन्न २५ लाख, लिटरमागील खर्चाची बेरीज २२ लाख, स्थिर खर्च २ लाख. म्हणजे नफा १ लाख रुपये. दरवाढीनंतर २२ चे २३ लाख झाले आणि नफा शून्यावर आला. उमेदवार सुचवतो, विक्रीदर ५२ रुपये करावा. पार्टनर म्हणतो, "पटत नाही. गिऱ्हाईक तुटेल."

येथे आमचा विद्यार्थी थांबला असता. थांबू नये, हिशेब पुढे न्यावा. विक्री १० टक्क्यांनी घटली असे धरू. ४५,००० लिटरवर प्रत्येकी ६ रुपये सुटले, म्हणजे २ लाख ७० हजार. स्थिर खर्च वजा जाता ७० हजार उरतात. विक्री सुमारे ३३,३०० लिटरपर्यंत, म्हणजे एक तृतीयांशाने, घटली तरच नफा पुन्हा शून्यावर येईल. उमेदवाराने शांतपणे म्हणावे, "आपली शंका रास्त आहे, मात्र एक तृतीयांश गिऱ्हाईक जाईपर्यंत दरवाढ तोट्याची ठरत नाही."

यावर पार्टनर विचारील, "शेतकऱ्यांकडून आलेले दूध संघाला घ्यावेच लागते. उरलेल्या ५,००० लिटरचे काय?" हा मुद्दा हिशेबात आलेलाच नव्हता. येथे हट्ट धरणे हीही चूकच. "हे माझ्या लक्षात आले नव्हते. त्या दुधाची खरेदी धरली तर उत्तर बदलेल. त्याची भुकटी वा तूप करून किती पैसे सुटतात, ते पाहावे लागेल," असे म्हणावे. पहिल्या आक्षेपाला त्याने हिशेबाने उत्तर दिले, दुसरा कारणासह मान्य केला. अंतिम फेरीत पाहिला जातो तो हा विवेक.

इतिहासातील दोन दाखले

हा विवेक आपल्या परंपरेस नवा नाही. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर, म्हणजेच पाली वाङ्मयातील मिलिंद, याने सागल नगरीत भिक्खू नागसेनांशी चर्चा करण्याची इच्छा व्यक्त केली. 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथानुसार नागसेनांनी आधी अट घातली : चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या रीतीने नव्हे. पंडितांच्या चर्चेत एकमेकांचे खंडन होते, पण कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत मात्र मतभेद करणाऱ्यास दंड होतो. मिलिंदाने अट मान्य केली. मुलाखतीच्या दालनात शिरताना आपल्या मुलाने हीच अट मनोमन घालावी.

दुसरा दाखला पुण्याचा. २३ ऑक्टोबर १९२८ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे साक्ष दिली. ब्रिटिश संसदेच्या सदस्यांचे मंडळ समोर होते आणि प्रश्नांमागून प्रश्न येत होते. बाबासाहेबांची भूमिका नेमकी होती : प्रौढ मताधिकार मिळणार असेल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा, तो मिळणार नसेल तर स्वतंत्र मतदारसंघ. आपले म्हणणे कोणत्या अटीवर उभे आहे हे ठाऊक असलेला माणूस प्रश्नांनी गडबडत नाही. उमेदवारानेही आपल्या उत्तराखालील गृहीतके आधीच उघड सांगावीत.

सरावाच्या काही गोष्टी

केस मनात सोडवू नये, मोठ्याने बोलत सोडवावी. विचारासाठी मिनिटभर वेळ मागण्यात कमीपणा नाही. आकडा चुकला तर "एक दुरुस्ती करतो" म्हणून पुढे जावे, क्षमायाचनेत वेळ दवडू नये. इंग्रजी वाक्ये लहान ठेवावीत. दोन मुलाखतींच्या मध्ये दहा श्वासांकडे लक्ष द्यावे. आपल्या प्रार्थनागृहात शिकलेली आनापानसती तेथे उपयोगी पडते, आणि मागील मुलाखत मागेच राहते.

अनुभवाविषयी विचारल्यास प्रसंग कोणता, आपण स्वतः काय केले आणि निष्पन्न काय झाले, हे तीन भागांत सांगावे. वसतिगृहाच्या भोजनगृहाचा हिशेब सांभाळला असेल तर तोही सांगण्याजोगा अनुभव आहे. आपली वस्ती, आपले घर लपवू नये, आणि सहानुभूतीसाठी ते पुढेही करू नये.

पालकांस व माजी विद्यार्थ्यांस

पालकहो, मुलाखतीच्या आदल्या रात्री आपण फोनवर म्हणतो, "समाजाचं नाव राख बाळा." हेतू मायेचाच असतो. परंतु पहिल्या पिढीच्या मुलाच्या खांद्यावर आधीच पुष्कळ ओझे असते. त्या दालनात नोकरीचा निर्णय होतो, त्याच्या वा आपल्या योग्यतेचा नव्हे. त्या रात्री "जेवलास का? वेळेवर झोप," एवढेच बोलावे. निवड न झाल्यास प्रथम पुढच्या मुलाखतीची तारीख विचारावी, कारणे नंतर.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपल्या विद्यालयात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याच काळात दर रविवारी आपणांपैकी एकाने यावे आणि अकरावी-बारावीच्या मुलांना तासभर प्रश्न विचारावेत. मूल बरोबर उत्तर देईल तेव्हाही एकदा म्हणावे, "मला पटत नाही." मग थांबून ऐकावे. ज्या दिवशी ते मूल उठून, न घाबरता, "का पटत नाही ते सांगाल का?" असे विचारील, त्या दिवशी आमची दुरुस्ती पुरी झाली असे आम्ही समजू.

जयभीम.