ओला कचरा, गांडूळ आणि मत्स्यखाद्य

गळाला गांडूळ लावून मासा धरण्याची युक्ती खाडीकाठच्या मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. गांडूळ हे माशाचे आवडते भक्ष्य होय, ही गोष्ट शास्त्राने सांगण्यापूर्वीच लोकव्यवहाराला ठाऊक होती. तेव्हा शहरातील ओल्या कचऱ्यावर गांडुळे वाढवून ती तळ्यातील माशांना द्यावीत, ही कल्पना सहज सुचण्यासारखी आहे. ती व्यवहारात कोठवर टिकते, हे नेरूळच्या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरेल.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेस नवे शहर आकारास आले. नेरूळ, सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे ही आगरी-कोळी वस्तीची जुनी गावे या शहराच्या पोटात आली. एकीकडे हजारो स्वयंपाकघरांतून निघणारा आणि तुर्भ्याकडे वाहून नेला जाणारा कचरा, तर दुसरीकडे मासळीवर उपजीविका करणारी पिढीजात कुटुंबे, अशी दोन्ही टोके येथे शेजारी शेजारी नांदतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले. दररोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांवर ओल्या कचऱ्याची शक्यतो स्वतःच्या आवारात विल्हेवाट लावण्याची जबाबदारीही या नियमांनी टाकली.

मत्स्यशेतीच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो. रोहू, कटला, मृगळ यांना भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड चालते. परंतु कोळंबी व मांसाहारी मासे यांच्या खाद्यात मासळीची भुकटी घालावी लागते. ही भुकटी समुद्रातील लहान मासळीपासून तयार होते. तीत कोवळी पिल्ले गेली, तर उद्याचे जाळे रिकामे राहते. वाळविलेल्या गांडुळांत प्रथिनांचे प्रमाण शेकडा ५५ ते ६५ असते, म्हणजे चांगल्या भुकटीच्या तोडीचे. कोळी बांधवांना या प्रयोगाविषयी आस्था वाटावी ती यामुळेच.

मात्र हिशेब मांडल्यावाचून उत्साह धरू नये. १०० किलो ओल्या कचऱ्यात सुमारे ७५ किलो पाणीच असते. उरलेल्या २५ किलोंचा फार तर दहावा भाग गांडुळांच्या कोरड्या वजनात उतरतो. म्हणजे हाती अडीच किलो, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. याउलट २,००० किलो मासे असलेल्या तळ्याला वजनाच्या शेकडा २ प्रमाणे रोज ४० किलो खाद्य लागते. सबब मोठ्या तळ्याचे पोट एका वसाहतीच्या कचऱ्यावर भरणार नाही. बोटुकली वाढविण्याच्या लहान टाकीत पूरक खाद्य म्हणून मात्र त्याचा निश्चित उपयोग होईल. खत हे मुख्य उत्पन्न आणि गांडूळ हे जोड उत्पन्न, असे धरून चालणेच शहाणपणाचे होय.

कृती अवघड नाही. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा शेणात मिसळून आठ-दहा दिवस कुजू द्यावा; ताज्या ढिगातील उष्णतेने गांडुळे मरतात. खारट, तेलकट व लिंबूवर्गीय पदार्थ वगळावेत. वाफे सावलीत ठेवून ओल्या गोणपाटाने झाकावेत व मुंग्या-उंदरांपासून जपावेत. गांडुळे काढताना खताचा ढीग उजेडात रचावा. ती आपोआप तळाशी जातात. पुढील पैदाशीपुरती मागे ठेवून बाकीची धुवावीत आणि पोट रिते होण्यासाठी काही तास ओलसर स्वच्छ जागी ठेवावीत.

कचऱ्यासाठी सर्वत्र वापरले जाणारे ‘आयसेनिया फेटिडा’ जातीचे तांबडे गांडूळ सर्वच माशांना रुचत नाही. ते अंगातून कडवट द्रव सोडते. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये ट्राउट माशांवर झालेल्या प्रयोगांत ही अडचण आढळली. गांडुळे गरम पाण्यातून काढल्याने ती बऱ्याच अंशी दूर होते. नंतर ती चिरून वा वाळवून कोंडा-पेंडीत मिसळावीत.

खरा धोका निराळाच आहे. गांडूळ कॅडमियमसारखे जड धातू शरीरात साठविते. बॅटरी, रंगाचे डबे वा औषधे मिसळलेल्या कचऱ्यावर ते वाढले, तर ते विष गांडुळातून माशात व माशातून ताटात येईल. म्हणून मिश्र कचऱ्यावरील गांडुळे खतापुरतीच ठेवावीत. माशांना कदापि देऊ नयेत. ज्या ग्रामपंचायतींना आपल्या तळ्यासाठी हा प्रयोग करावयाचा असेल, त्यांनी कचरा कोणत्या घरांतून येतो याची आधी खात्री करून घ्यावी आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घेऊन एकाच टाकीत प्रारंभ करावा. शेजारच्या टाकीत नेहमीचे कोंडा-पेंडीचे खाद्य चालू ठेवून दोन्हींतील बोटुकल्यांचे वजन दर पंधरवड्यास नोंदवावे. हे काम शाळेतील विद्यार्थ्यांकडे सोपविता येईल.