बालकांतील आतड्यांचा दाह आणि पेशींची साक्ष

मुलाचे पोट वारंवार दुखते, जुलाब आठवडेच्या आठवडे थांबत नाहीत, क्वचित शौचावाटे रक्त पडते आणि वर्ष उलटले तरी उंची वाढत नाही. अशा वेळी जंत किंवा कुपोषण एवढाच विचार बहुधा केला जातो. परंतु या लक्षणांमागे आतड्यांचा दीर्घकालीन दाहही असू शकतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा त्याचा एक प्रकार मोठ्या आतड्याच्या अस्तरात आढळतो. दुसरा प्रकार क्रोन रोगाचा. डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचे वर्णन केले. हा रोग तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही उद्भवू शकतो.

आतड्याचे अस्तर सतत नवे होत असते. त्यातील सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी पेशींचे विभाजन होते. नव्या पेशी वर सरकतात व काही दिवसांतच झडून जातात. दाहामुळे ही झीज वाढते, ती भरून काढण्यासाठी विभाजनही वाढते आणि विभाजनाचा पट्टा तळापासून वर पसरतो. 'की-६७' नावाचे प्रथिन ही या विभाजनाची खूण होय. जर्मनीतील कील येथील संशोधकांनी १९८३ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. दुर्बिणीद्वारे काढलेल्या अस्तराच्या तुकड्यावर रंगप्रक्रिया करून अशा पेशी मोजता येतात.

तथापि, एकट्या या खुणेवरून निदान होत नाही, कारण जंतुसंसर्गातही पेशींची वाढ वेग घेते. खळग्यांची रचना, दाहपेशी व ऊतीतील गाठी यांचा एकत्रित विचार करावा लागतो. आपल्या देशात हे विशेष महत्त्वाचे आहे. आतड्याचा क्षय व क्रोन रोग एकमेकांसारखे दिसतात. क्रोन रोगास क्षय समजल्यास योग्य उपचार लांबतात. उलट क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिल्यास क्षय बळावतो.

दाहामुळे भूक मंदावते, अन्नरसाचे शोषण घटते आणि वाढीच्या संप्रेरकांच्या कार्यात अडथळा येतो. वयात येण्यापूर्वी दाह आटोक्यात आल्यास खुंटलेली उंची भरून निघण्याची संधी अधिक असते. क्रोन रोगात सहा ते आठ आठवडे केवळ विशिष्ट द्रवरूप पोषक आहार देण्याचा उपचार अनेक मुलांना लागू पडतो.

यास्तव शाळेतील उंची-वजनाच्या नोंदी नियमित ठेवल्या जाव्यात. वाढ थांबलेले मूल आढळताच शिक्षकांनी ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या निदर्शनास आणावे आणि पंचायत सदस्यांनी पालकांना रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास साहाय्य करावे. पेशींची साक्ष प्रयोगशाळेत मिळते. परंतु मुलास तेथवर पोहोचविणारी पहिली नोंद गावातच व्हावयास हवी.