दाढेतली चौथी वाट

प्रश्न : रूट कॅनाल करूनही वरची दाढ चावताना ठणकते. डॉक्टर आता सीबीसीटी सांगतात. साधा एक्स-रे पुरत नाही का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : एक्स-रे म्हणजे दाढेची सावली. १८९६ साली जर्मनीत ऑटो वॉल्कहॉफ यांनी दातांची अशी पहिली सावली टिपली, त्यासाठी ते २५ मिनिटं निश्चल राहिले! पण सावलीत मुळं एकमेकांवर पडतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळं असतात. गालाकडच्या पुढच्या मुळात मात्र निम्म्याहून अधिक वेळा दुसरी, केसासारखी बारीक नळी निघते. ती साफ व्हायची राहिली की जंतू आतच राहतात.

सीबीसीटी यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि दाढेचे पातळ काप दाखवतं. राहून गेलेली नळी त्यात बरेचदा सापडते.

किरणांची मात्रा साध्या एक्स-रेपेक्षा जास्त, म्हणून फक्त त्या दाढेपुरता छोटा स्कॅन मागावा. धातूची टोपी असेल तर चित्र विस्कटतं, बारीक चीर निसटू शकते.

दुसरं मत हवं असेल तर कामोठे, खारघरची दंत महाविद्यालयं जवळच आहेत. जुने एक्स-रे सोबत न्यावेत.