वाटणी बांधावर झाली, सातबाऱ्यावर नाही

सांगोल्याकडच्या आमच्या 9 एकरांची वाटणी वडील आणि दोन काकांनी बांधावर उभं राहून केली. दगड पुरले, पंचांनी मान डोलावली, एका शब्दाचा वाद झाला नाही. सातबारा तेवढा सामाईक राहिला. कितीतरी वर्षं त्यावाचून कुणाचं अडलं नाही.

अडलं ते पाणी आटल्यावर. डाळिंबाला पाटाने पाणी देणं परवडेना, म्हणून ठिबकच्या अनुदानाला अर्ज केला. सातबाऱ्यावर 14 नावं! आजोबांच्या नावाला कंस होऊन वडील, काका, आत्या लागलेल्या; थोरले काका गेल्यावर त्यांची मुलं. सगळ्यांची संमतीपत्रं आणा, असं उत्तर मिळालं. एक चुलतभाऊ सुरतेला, थोरल्या आत्या अंथरुणाला खिळलेल्या. इतर हक्कात धाकट्या काकांच्या सोसायटी कर्जाचा बोजा. माझ्या वाट्यात मी पाडलेल्या विहिरीची नोंद मात्र कुठेच नव्हती. संमत्या गोळा होईस्तोवर अर्धी बाग वाळली.

पाणी वाचवा, माती राखा, फळबाग लावा, हे सगळं पटतं. पण ताल घालायला, शेततळं खणायला पैसा आज लागतो आणि फळ काही वर्षांनी मिळतं. कागदावर तुकडा आपला नसेल तर अनुदानही नाही आणि हिंमतही होत नाही.

म्हणून सांगतो. वर्षातून एकदा सातबारा आणि आठ-अ काढा. महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, डिजिटल सहीचा 15 रुपयांत मिळतो. नावं, क्षेत्र, पोटखराबा, इतर हक्क नीट वाचा. घरातलं माणूस गेलं की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या. जमीन महसूल अधिनियम, 1966 तेच सांगतो. फेरफाराची नोटीस आली तर खिशात ठेवू नका, हरकतीची मुदत 15 दिवसांचीच असते.

सगळे राजी असतील तर त्याच कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. बहिणी-आत्यांना आधी बोलवा. त्यांचा हिस्सा कायद्याने आहे. कुणाला आपखुशीने सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच करा. मग पोटहिस्सा मोजणी करून 'क' प्रत जपून ठेवा. विहीर, बोअर नोंदवून घ्या आणि दर हंगामात ई-पीक पाहणी स्वतः भरा.

हे सगळं भाऊ एका पंगतीला बसताहेत तोवरच उरका. बोलणं बंद झालं की तेच काम दिवाणी कोर्टात जातं, आणि तिथल्या तारखा पावसाची वाट बघत नाहीत.