शोधयंत्रावरील जाहिरात : नवोदितांनी घ्यावयाची दक्षता

ग्रामीण भागातील महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आपला माल इंटरनेटवरून थेट ग्राहकास विकू लागल्या आहेत. त्याबरोबर शोधयंत्रावर जाहिरात देण्याचा प्रश्नही त्यांच्यापुढे उभा राहतो. अशा वेळी गावात प्रथम सल्ला विचारला जातो तो शिक्षकांना, ग्रामसेवकांना किंवा पंचायत सदस्यांना. म्हणून या पद्धतीची ओळख त्यांना असणे अगत्याचे आहे.

वर्तमानपत्रात जाहिरातीचे मोल जागेवर ठरते. येथे ग्राहक काही शब्द टंकित करतो, त्या क्षणी त्या शब्दांसाठी जाहिरातदारांचा लिलाव होतो आणि जाहिरातीवर क्लिक झाले तरच पैसे द्यावे लागतात. अमेरिकेत १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या कंपनीने ही पद्धत व्यवहारात आणली. गूगलने २००० साली जाहिरातसेवा सुरू केली व २००२ मध्ये क्लिकमागे दर आकारण्याची पद्धत स्वीकारली. लिलावात केवळ मोठी बोली जिंकत नाही. जाहिरात शोधाशी किती सुसंगत आहे आणि ती उघडल्यावर दिसणारे पान कितपत उपयुक्त आहे, हेही पाहिले जाते.

रत्नागिरीच्या हापूसचे उदाहरण घेऊ. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, एखाद्या गटाने 'आंबा' हा एकच शब्द निवडला. शब्द नुसता लिहिला की यंत्रणा त्याची व्यापक जुळणी करते. मग लोणच्याची कृती शोधणारी गृहिणी, मोहोरावरील रोगाचा उपाय शोधणारा बागायतदार आणि चित्र हवे असलेला विद्यार्थी, या सर्वांच्या क्लिकचे पैसे गटाच्या खात्यातून जाण्याचा संभव असतो. यांपैकी पेटी कोणालाच नको असते. शब्दसमूह अवतरणचिन्हांत दिल्यास जुळणी आवळली जाते, चौकोनी कंसात दिल्यास ती अधिकच नेमकी होते. 'हापूस पेटी घरपोच पुणे' यासारखे शब्द कमी वेळा शोधले जातात, पण शोधणारा खरेदीच्या बेतात असतो. हेच शब्द लोक रोमन लिपीतही लिहितात, याचा विसर पडू नये.

याच्या जोडीला वर्ज्य शब्दांची यादी हवी : कृती, रोग, चित्र, रोपे. मात्र 'रोपे' वर्ज्य केल्याने 'कलमे' आपोआप वर्ज्य होत नाहीत. प्रत्यक्षात कोणत्या शोधांवर जाहिरात दिसली, याचा अहवाल खात्यात मिळतो. तो दर आठवड्यास वाचून यादी वाढवीत जावे. हे काम कंटाळवाणे आहे खरे, परंतु पैसा वाचतो तो येथेच.

ठिकाणाच्या निवडीतही चूक होते. पुणे निवडले, तरी मूळ मांडणीनुसार पुण्याविषयी स्वारस्य दाखविणाऱ्या परगावच्या व्यक्तीलाही जाहिरात दिसू शकते. पेट्या पुण्यातच पोचविणाऱ्या गटाने प्रत्यक्ष तेथे असलेल्या लोकांचाच पर्याय निवडावा. तसेच, इतर संकेतस्थळांवर व मोबाइल ॲपमध्ये जाहिरात दाखविण्याचा पर्याय नव्या मोहिमेत आधीच खूण केलेला आढळल्यास आरंभी तो काढून टाकणे बरे.

आता हिशेब. दैनिक मर्यादा ५०० रुपये ठेवली, तर एखाद्या दिवशी १,००० रुपयांपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा खर्च मात्र ३०.४ पटीपेक्षा, म्हणजे १५,२०० रुपयांपेक्षा, जास्त होत नाही. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा. क्लिकचा दर १० रुपये धरल्यास ५०० रुपयांत ५० क्लिक मिळतील. शंभरात दोघांनी खरेदी केली, तर एका पेटीमागे जाहिरातीचा खर्च करासह ५९० रुपये पडतो. पेटीमागे ४०० रुपये सुटत असतील, तर विक्री जितकी वाढेल तितका तोटा वाढेल! म्हणून क्लिक मोजून समाधान मानू नये, मागण्या मोजाव्यात. मागणी दूरध्वनीवरून आल्यास 'आमची माहिती कोठे मिळाली?' असे विचारून उत्तर वहीत लिहून ठेवावे.

स्वतःच्या नावाचे शब्द विकत घेण्याविषयी ईबे या अमेरिकन कंपनीचा अनुभव उद्बोधक आहे. २०१२ मध्ये तिने काही शोधयंत्रांवर स्वतःच्या नावावरील जाहिराती बंद केल्या. तेव्हा गमावलेले जवळजवळ सर्व क्लिक विनामूल्य निकालांतून परत आले. कंपनीशी फारसा परिचय नसलेल्या ग्राहकांवर मात्र जाहिरातींचा परिणाम होतो, असेही त्या प्रयोगात दिसले. ज्यांना गटाचे नाव ठाऊक आहे ते त्याच्यापर्यंत पोचतातच. खर्च करावयाचा तो अपरिचितांसाठी.

जाहिरातीवरून ग्राहक थेट पेटीचा दर, वजन व पोचण्याचा दिवस सांगणाऱ्या पानावर यावा, मुखपृष्ठावर नव्हे. हंगाम सरताच मोहीम थांबवावी. फळ संपले तरी यंत्रणा आपण होऊन थांबत नाही. आणि खाते गटाच्याच ई-मेलवर, गटाच्याच नावाने उघडावे. ते एखाद्या कार्यकर्त्याच्या खाजगी ई-मेलवर असल्यास, तो गट सोडून गेल्यावर साऱ्या हंगामाच्या नोंदीही त्याच्याबरोबर जातात.