सुटलेलं व्यसन परत का हाक मारतं? ट्रिगर ओळखणं आणि सांभाळणं

व्यसनमुक्तीच्या बाबतीत एक गोष्ट घरच्यांना नेहमी कोड्यात टाकते. माणूस उपचार घेतो, दारू शरीरातून पूर्ण बाहेर पडते, हातांची थरथर थांबते, झोप लागू लागते. सहा-आठ महिने सगळं सुरळीत चालतं आणि मग एका संध्याकाळी तो पुन्हा पितो. शरीराला दारूची गरज उरलेली नसते, तरी पितो. "एवढं सगळं झाल्यावर परत?" असं घरचे विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात: मनाचा पक्का नाही, दुसरं काय!

विज्ञानाचं उत्तर वेगळं आहे, आणि जास्त उपयोगाचंही. "मनाचा पक्का नाही" या निदानावर काही इलाज करता येत नाही. पण ज्या गोष्टींमुळे तलफ जागी होते त्या ओळखता येतात आणि त्यांच्यासाठी तयारी करता येते. या गोष्टींना 'ट्रिगर' म्हणतात. त्यांचं काम कसं चालतं आणि त्यांना कसं सांभाळायचं, ते या लेखात पाहू.

लेक्सिंग्टनमधल्या जांभया

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे १९३५ मध्ये अमली पदार्थांच्या व्यसनींसाठी केंद्र सरकारचं एक मोठं रुग्णालय सुरू झालं. तिथे काम करणारे डॉ. अब्राहम विक्लर यांना एक विचित्र गोष्ट दिसली. ज्यांची अफू-मॉर्फिनची सवय सुटून कित्येक महिने झाले होते, असे रुग्ण गटात बसून बोलत. बोलण्याचा विषय मॉर्फिनकडे वळला की काही जणांना जांभया येऊ लागत, नाक वाहू लागे, डोळ्यांत पाणी येई. मॉर्फिन बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत होणाऱ्या त्रासाचीच ही लक्षणं! शरीरात औषधाचा अंशही नसताना ती केवळ गप्पांमुळे परत येत होती. सुटून घरी गेल्यावर जुन्या वस्तीत पाऊल टाकताच असाच त्रास झाल्याचं रुग्ण सांगत.

विक्लर यांनी १९४८ मध्ये याचा संबंध पावलोव्हच्या कुत्र्यांशी जोडला. खाण्याआधी रोज एक ठरावीक आवाज ऐकवला, की पुढे नुसत्या आवाजानंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तसंच वस्ती, मित्र, वेळ, वास, पैसे हातात येण्याचा दिवस, या सगळ्यांची व्यसनाशी गाठ बांधली जाते. औषध शरीरातून निघून गेलं, तरी गाठ तशीच राहते.

मेंदूत काय घडतं?

ही गाठ बांधण्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग इथे फार बोलके आहेत. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला, की डोपामिनच्या पेशी उत्तेजित होत. पुढे रस देण्याआधी प्रत्येक वेळी एक खूण दाखवली, तर काही काळानं त्या पेशी रस मिळताना नव्हे, तर खूण दिसताच उत्तेजित होऊ लागत. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी पेशींची हालचाल नेहमीपेक्षा खाली जाई. म्हणजे डोपामिन फक्त 'मजा' देत नाही. 'आता काहीतरी मिळणार' असं ते सांगतं, आणि मिळालं नाही तर उणीव दाखवून देतं.

म्हणूनच शुक्रवारी संध्याकाळी ग्लासांचा नुसता किणकिणाट ऐकून एखाद्याचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. त्यानं ठरवण्याच्या आधीच मेंदूनं खूण ओळखलेली असते. तणाव, अपुरी झोप किंवा भूक असेल, तर आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग नीट काम करत नाही आणि खुणेचं पारडं जड होतं.

आणखी दोन गोष्टी घरच्यांनी मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. पहिली, जुनी गाठ पुसली जात नाही; तिच्यावर नवीन शिकणं चढतं, आणि ते नवीन शिकणं जिथे झालं त्या जागेशी बांधलेलं असतं. उपचार केंद्रात महिनाभर तलफ आली नाही, याचा अर्थ घरी येणार नाही असा होत नाही. दुसरी, काळ गेला की तलफ आपोआप कमी होत जाते, हा समज नेहमी खरा नसतो. कोकेनची सवय लावलेल्या उंदरांवरचे प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कोकेन बंद केल्यानंतरच्या दोन महिन्यांत, जुनी खूण दिसल्यावर कोकेन शोधण्याची त्यांची धडपड कमी न होता वाढत गेली. 'आता सहा महिने झाले, आता काय भीती' असं म्हणणं म्हणूनच धोक्याचं आहे.

व्हिएतनामहून परतलेले सैनिक

जागेचं महत्त्व दाखवणारं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण युद्धभूमीवरचं आहे. १९७१ मध्ये व्हिएतनाममधले अमेरिकन सैनिक मोठ्या प्रमाणावर हेरॉइन घेत असल्याचं उघड झालं. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. सुमारे २० टक्के सैनिक तिथे असताना व्यसनी होते. पण अमेरिकेत परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी फक्त ५ टक्के, आणि तीन वर्षांत सुमारे १२ टक्के पुन्हा व्यसनात अडकले. त्या काळच्या तज्ज्ञांचा या आकड्यांवर विश्वास बसला नव्हता.

याला कारणं अनेक होती. पण एक फरक उघड आहे. लेक्सिंग्टनचा रुग्ण बरा होऊन व्यसनाच्याच गल्लीत परत जाई. सैनिक मात्र व्यसनाची जागा हजारो मैल मागे टाकून घरी आला होता.

आपल्यासाठी हे नीट समजून घेण्यासारखं आहे. देश बदलल्यानं जुने ट्रिगर मागे राहतात हे खरं. पण ज्याचं पिणं परदेशातच वाढलं, त्याचे ट्रिगर इथेच असतात: रिकामं अपार्टमेंट, लांबलचक हिवाळा, कामानंतरची ऑफिसची पार्टी. आणि ज्याचं व्यसन भारतात लागलं आणि इथे सुटलं, त्याच्यासाठी सुट्टीत गावी जाणं हीच जोखमीची वेळ ठरते.

ट्रिगर कोणते?

मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसनाकडे परत वळण्याच्या घटनांचा बारकाईनं अभ्यास केला. जवळजवळ तीन चतुर्थांश घटना फक्त तीन प्रकारांत बसल्या: मनाची वाईट अवस्था (राग, उदासी, कंटाळा, चिंता) सुमारे ३५ टक्के, इतरांचा आग्रह सुमारे २० टक्के आणि जवळच्यांशी भांडण सुमारे १६ टक्के. म्हणजे बाटली समोर दिसण्यापेक्षा मनातलं वादळ बऱ्याचदा जास्त घातक असतं.

सोयीसाठी दोन गट करू.

बाहेरचे ट्रिगर: पिण्याचे सोबती, ठरावीक दुकान किंवा रस्ता, पगाराचा दिवस, विमानतळावरचं ड्यूटी-फ्री, क्रिकेटचा सामना, लग्नसमारंभ. 'नॉन-अल्कोहोलिक' बिअरही यात मोडते, कारण चव आणि वास या खुणाच आहेत.

आतले ट्रिगर: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार नावं तर पाठच करावीत. त्यांत परदेशातल्या चिंतांची भर घाला: व्हिसाची टांगती तलवार, नोकरी जाण्याची भीती, आई-वडिलांच्या आजारपणात जाता न येणं. आनंदही ट्रिगर असतो बरं का! बढती मिळाली, 'एक तो बनता है' असं कोणीतरी म्हणतंच.

मार्लट यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: वरवर निरुपद्रवी वाटणारे छोटे निर्णय. समजा, आठ महिने न प्यायलेला एक जण दिवाळीला पुण्याला चालला आहे. भावासाठी भेट म्हणून तो ड्यूटी-फ्रीमधून व्हिस्की घेतो. जेट-लॅगमुळे रात्री झोप येत नाही, म्हणून जुन्या मित्राला फोन करतो. मित्र म्हणतो, "बसू या, तू नको पिऊस, फक्त ये." एकही निर्णय 'पिण्याचा' नाही, पण प्रत्येक निर्णय त्याला एक पायरी खाली नेतो. शेवटच्या पायरीवर 'नाही' म्हणणं अवघड असतं. पहिल्या पायरीवर तुलनेनं सोपं असतं.

सांभाळायचं कसं?

१. नोंद ठेवा. तलफ आली की चार गोष्टी लिहा: वेळ, जागा, सोबत कोण, मनात काय होतं. तीव्रतेला १० पैकी गुण द्या. दोन-तीन आठवड्यांत स्वतःचा नकाशा तयार होतो. प्रत्येकाचा नकाशा वेगळा असतो.

२. टाळता येईल ते टाळा. घरात बाटली न ठेवणं, घरी येण्याचा रस्ता बदलणं, पहिल्या वर्षी काही पार्ट्यांना न जाणं हा पळपुटेपणा नाही. खुणा कमी, तर तलफ कमी.

३. जे टाळता येत नाही त्याची आधी तयारी करा. 'असं झालं तर मी असं करीन' हे आधीच ठरलेलं असावं. "घ्या हो, एकानं काय होतं?" या आग्रहाला उत्तरही ठरलेलं असावं: "नको, मी घेत नाही. मला ताक चालेल." कारणं देत बसू नये, कारण दिलं की वाद सुरू होतो. हातात स्वतःचा ग्लास असावा आणि परत निघण्याची सोय स्वतःची असावी.

४. लाट जाऊ द्या. तलफ लाटेसारखी चढते आणि ओसरते. बहुतेक वेळा हे अर्ध्या तासाच्या आत होतं. तिच्याशी झगडण्याऐवजी ती शरीरात कुठे जाणवते ते पाहत राहावं: घसा, छाती, पोट. श्वास संथ ठेवावा. मार्लट यांनी ही पद्धत रुग्णांना शिकवली. तेवढ्या वेळात काही खाणं, चालायला जाणं, ठरलेल्या माणसाला फोन करणं हेही करावं.

५. औषधांबद्दल डॉक्टरांना विचारा. दारूची तलफ कमी करण्यासाठी किंवा न पिणं टिकवण्यासाठी नाल्ट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत. डायसल्फिराम हे औषध घेऊन दारू प्यायली, तर तीव्र त्रास होतो. काही घरांत ते रुग्णाला न सांगता जेवणात मिसळतात. हे कधीही करू नये, जीवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक दारू बंद करणंही धोक्याचं असतं, झटके येऊ शकतात. त्यामुळे सुरुवात वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावी.

६. एकटे राहू नका. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका जगभर आणि ऑनलाइनही होतात. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगण केंद्रामुळे मराठी घरांत हा विषय उघडपणे बोलता येऊ लागला. परदेशातल्या मराठी मंडळांतही तो तसाच बोलला जायला हवा.

घसरलंच तर?

एक पेला पिणं म्हणजे घसरणं आणि पूर्वीच्या व्यसनात परत जाणं, यांत अंतर आहे. ते अंतर बऱ्याचदा अपराधीपणा मिटवतो: 'आता शब्द मोडलाच आहे, मग बाटली संपवू.' अशा वेळी थांबायचं, जागा सोडायची आणि लगेच कोणाला तरी सांगायचं. कोणता ट्रिगर निसटला हे नंतर शांतपणे पाहायचं. उपचारानंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळतात. दमा आणि रक्तदाबाच्या रुग्णांतही उपचार सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण असंच मोठं असतं. त्यांना आपण नालायक म्हणत नाही, औषध पुन्हा सुरू करतो.

अफू, हेरॉइन किंवा तत्सम वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीत मात्र एकच घसरण प्राणघातक ठरू शकते. पूर्वी सहन होणारा डोस काही आठवडे न घेतल्यावर शरीराला सहन होत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सर्वसामान्य लोकांच्या सुमारे १३ पट होता आणि अतिडोस हे त्याचं सर्वांत मोठं कारण होतं. अशा रुग्णाच्या घरी नॅलोक्झोनचा नाकात मारायचा फवारा असायलाच हवा. अमेरिकेत २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. फवारा मारून लगेच रुग्णवाहिका बोलवावी, कारण त्याचा परिणाम ओसरू शकतो.

मदतीसाठी अमेरिकेत १-८००-६६२-४३५७ आणि भारतात १४४४६ या सरकारी दूरध्वनी सेवा आहेत.

घरच्यांना एकच सांगणं. "परत प्यायलास?" हा प्रश्न माणसाला लपवायला शिकवतो, आणि लपवणं हाच पुढच्या पेल्याचा ट्रिगर होतो. त्याऐवजी "आज कधी अवघड गेलं?" असं विचारून पाहा. उत्तर मिळालं, तर उद्याची तयारी दोघांना मिळून करता येते.