पांढऱ्या फुलदाणीची कड

जुनी स्कँडिनेव्हियन फुलदाणी घ्यायची म्हटलं की बहुतेक जण सांगतात, आधी उलटी करा आणि बूड बघा. कारखान्याचा शिक्का दिसला, कलाकाराची सही दिसली की समाधान. मी स्टॉकहोममध्ये राहतो आणि ही भांडी हौसेनं जमवतो. माझ्या मते बूड सगळ्यात शेवटी बघावं. तिथं काय आहे ते विक्रेता स्वतःहून दाखवतोच. तोंडाची कड मात्र सहसा दाखवत नाही.

स्टॉकहोमजवळच्या गुस्ताव्सबर्गच्या कारखान्यासाठी स्टिग लिंडबर्ग यांनी 1953 साली ‘पुंगो’ नावाच्या फुलदाण्या केल्या. भरलेलं पोट, वर एका अंगाला झुकलेलं, वळण घेत गेलेलं तोंड, आणि सगळ्यावर ‘कॅरारा’ ही पांढरी, चमक नसलेली झिलई. तशी एक मी ऑनलाइन लिलावात घेतली. फोटोत समोरची बाजू होती, बूड होतं. वरून काढलेला फोटो नव्हता, म्हणून मी लिहून विचारलं. ‘तडा नाही, टवका नाही,’ असं उत्तर आलं. ते अगदीच खोटं होतं असंही नाही! टवका बुजवलेला होता. घरी कोमट पाण्यानं धुताना कडेवरचा पांढरा पापुद्रा सुटला आणि खाली पिवळट रेझिन दिसलं.

असं पांढऱ्याच्याच बाबतीत जास्त का होतं? गुस्ताव्सबर्गचेच कलाकार बर्न्ट फ्रीबर्ग यांच्या अनेक फुलदाण्यांवर सशाच्या लोकरीसारख्या बारीक रेघांची झिलई असते. त्या रेघा भट्टीच्या आचेत उमटतात, कुंचल्यानं त्यांची नक्कल करणं फार अवघड. उलट एकरंगी, मंद पांढऱ्यावर निष्णात दुरुस्तीवाल्याला रंग जुळवता येतो, आणि डोळ्यांना सांधा सापडत नाही. त्यात पुंगोचा हा शिल्पासारखा घाट. बाहेर आलेलं तोंड आधी नळावर आपटतं, आधी कपाटाच्या दाराला लागतं. म्हणजे जी जागा सर्वांत जास्त फुटते, तीच सर्वांत सहज लपते.

तेव्हा विक्रेत्याला ‘फुटलंय का?’ असं विचारू नका. ‘कुठे दुरुस्ती किंवा रंगकाम झालंय का?’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडाचा वरून एक आणि तिरप्या उजेडात एक असे फोटो मागा. देण्यात टाळाटाळ झाली तर सोडून द्या, दुसरी मिळते.

वस्तू हातात आली की डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा. झिलई गार आणि काचेसारखी टणक लागते, रंग किंचित उबदार आणि मऊ. माठ घेताना आपण टिचकी मारतोच, तशी इथंही मारा. बद्द आवाज आला तर चीर शोधा. नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च बहुतेक वेळा रंगवलेला भाग वेगळा दाखवते, पण तिच्यावर विसंबू नका. हल्लीची काही द्रव्यं तिलाही चकवतात. अ‍ॅसिटोनचा बोळा मात्र परवानगीशिवाय लावायचा नाही. दुसऱ्याच्या मालावरचा रंग उतरला तर भांडण आपल्या अंगावर येतं.

मग बूड. डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगन कारखान्याच्या तीन लाटांच्या खुणेवरून ओरखडा ओढलेला असेल, तर तो नग कारखान्यानंच दुय्यम ठरवलेला असतो. शिक्का काहीच नसेल आणि वर्णनात नुसतं ‘स्कँडिनेव्हियन शैली’ असेल, तर तेवढ्यापुरतेच पैसे मोजा.

दुरुस्त केलेली वस्तू वाईट नसते. माझी पुंगो अजून शेल्फवर आहे आणि दुरून सुंदर दिसते. प्रश्न किमतीचा आहे, आणि परतीचाही. युरोपात व्यावसायिक दुकानातून ऑनलाइन घेतलेली वस्तू सहसा 14 दिवसांत परत करता येते. खाजगी विक्रेत्याकडून घेतली तर हा हक्क नाही. विक्री लिलावातून असेल तर बोली लावण्यापूर्वीच अटी वाचा.

भारतात पाठवणार असाल तर तोंडाला भार लागेल असं काही गुंडाळू नका. आत मऊ कागद सैलसर भरा, खोक्यात खोकं ठेवा आणि दोन्हींच्या मध्ये चारही बाजूंनी गादीसारखं भरण द्या. आणि दुरुस्त केलेल्या फुलदाणीत पाणी घालू नका. फुलं ठेवायचीच असतील तर आत काचेची नळी बसवा.